शांत करणे आणि गप्प बसवणे : ‘अपीज’ या इंग्रजी क्रियापदाची कुळकथा

इंग्रजी भाषेत ‘अपीज’ असे एक क्रियापद आहे. दहावीच्या विद्यार्थ्याला त्याचा अर्थ विचारला तर तो शब्दकोश उघडून ‘शांत करणे, समजूत घालणे, भूक शमवणे’ असे सांगेल. रोज वर्तमानपत्र वाचणाऱ्या त्याच्या वडिलांना विचारले तर ते म्हणतील, ‘लांगूलचालन करणे.’ दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. परंतु पहिल्या उत्तरात एक सद्गुण आहे आणि दुसऱ्या उत्तरात जवळजवळ शिवी आहे. दुसऱ्याला शांत करणे हे पुण्यकर्म असेल, तर ते निंदेचे कारण कसे झाले? आणि निंदेचे कारण असेल, तर ज्या तथागतांच्या धम्मात शांतीला एवढे मोठे स्थान आहे, त्या धम्माच्या अनुयायांनी या शब्दाकडे कसे पाहावे?

प्रश्न वरवर भाषेचा दिसतो, पण तो तेवढाच नाही. ‘शांत राहा’, ‘मिटवून टाका’, ‘वाढवू नका’ ही वाक्ये आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या ऐकली आहेत. त्यांतील कोणते वाक्य हिताचे आणि कोणते घाताचे, हे ओळखण्याची कसोटी आपल्याजवळ असली पाहिजे. ‘अपीज’ या एका शब्दाचा प्रवास पाहिला तर ती कसोटी हाती लागते, असे मला वाटते. म्हणून आपल्या विद्यालयाच्या या स्मरणिकेत माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यापुढे हा विषय मांडत आहे.

शब्दाचे कूळ

इ. स. १०६६ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. त्यानंतर दोन-तीन शतके तेथील दरबाराची, सरदारांची आणि न्यायालयांची भाषा प्रामुख्याने फ्रेंच होती. आपल्याकडे फारसीतून ‘अर्ज’, ‘फिर्याद’, ‘वकील’ हे शब्द आले, तसेच त्या काळात हजारो फ्रेंच शब्द इंग्रजीत उतरले. ‘अपीज’ हा त्यांपैकीच एक. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ अगदी सरळ होता: ‘शांततेकडे आणणे’. त्यातील पहिले अक्षर दिशा दाखवते, तर उरलेला भाग म्हणजे ‘पीस’ या शब्दाचेच फ्रेंच रूप. म्हणजे ‘पीस’ आणि ‘अपीज’ हे एकाच घरचे शब्द.

या घराचा मूळ पुरुष लॅटिन भाषेतील ‘पाक्स’ हा शब्द. त्याची संतती मोठी आहे. ‘पॅसिफाय’ म्हणजे शमवणे, हा त्यातलाच. १५२० साली मॅगेलन या दर्यावर्दीला एक महासागर शांत भासला, म्हणून त्याने त्याला जे नाव दिले त्यावरून आपण त्याला ‘पॅसिफिक’ म्हणतो. मराठी भूगोलाच्या पुस्तकात तो ‘प्रशांत’ झाला. करार या अर्थाचा ‘पॅक्ट’ हा शब्दही याच कुळातला. ज्याला आपण पुणे करार म्हणतो त्याचे इंग्रजी नाव ‘पूना पॅक्ट’ आहे, हे येथे लक्षात ठेवावे. त्याचा विचार पुढे करू.

या कुळातला सर्वांत आश्चर्यकारक सदस्य मात्र रोजच्या वापरातला आहे. तो म्हणजे ‘पे’. पगाराला आपण सर्रास ‘पेमेंट’ म्हणतो. त्याचे मूळ ‘शांत करणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. सावकार दारात येऊन ओरडतो, त्याच्या हातावर पैसे ठेवले की तो निमूटपणे निघून जातो. धनको शांत झाला, म्हणजे पैसे दिले गेले. अशा रीतीने ‘शांत करणे’ या अर्थाच्या शब्दाचा अर्थ हळूहळू ‘पैसे देणे’ असा झाला. शांततेला किंमत असते आणि ती कोणीतरी मोजत असतो, हे सत्य या लहानशा शब्दात दडलेले आहे. ती किंमत कोण मोजतो, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

आणखी एक पायरी खाली उतरू. ‘पाक्स’ या शब्दाचे मूळ ‘बांधणे, घट्ट बसवणे’ या अर्थाच्या एका अतिप्राचीन धातूत आहे आणि आपल्या संस्कृतातील ‘पाश’ हा शब्दही त्याच मुळाचा आहे, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. याचा अर्थ असा की युरोपीय भाषांमध्ये शांततेची मूळ कल्पना आवाज बंद होण्याची नाही. ती बंधनाची आहे, दोन पक्षांनी स्वतःला एका कराराने बांधून घेण्याची आहे.

आपल्याकडील शब्दांचे मूळ वेगळे आहे. ‘शांत’, ‘शमन’, ‘उपशम’ हे सारे ‘शम्’ या धातूपासून आले. निवणे, विझणे, थांबणे ही त्यामागची कल्पना. आग विझते, तहान शमते, राग निवतो. कल्पना सुंदर आहे, कारण ती माणसाच्या अंतरंगाकडे पाहते. परंतु तिच्यात एक धोकाही आहे. मराठीत ‘शांत’ या शब्दाचा एक अर्थ ‘निवलेला’ असा आणि दुसरा ‘गप्प’ असा आहे. वर्ग शांत आहे म्हणजे मुले समाधानी आहेत, की छडीला घाबरून बसली आहेत? शब्दावरून ते कळत नाही. ज्यांनी बोलूच नये अशी व्यवस्था होती, त्या वस्त्याही शतकानुशतके ‘शांत’ होत्या.

म्युनिक : शब्दाची अब्रू कशी गेली

सुमारे सहाशे वर्षे ‘अपीज’ हा इंग्रजीतला प्रतिष्ठित शब्द होता. पहिल्या महायुद्धानंतर युरोपातील मुत्सद्दी तो अभिमानाने वापरीत. ब्रिटनचे पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन यांनीही आपल्या धोरणाला हेच नाव लावले होते. पुन्हा युद्ध होऊ नये, ही त्यांची इच्छा खोटी नव्हती.

१९३८ साली हिटलरने चेकोस्लोव्हाकियाच्या सुडेटनलँड या भागावर हक्क सांगितला. तेथे जर्मनभाषक लोक मोठ्या संख्येने राहत. सप्टेंबरच्या अखेरीस म्युनिक येथे चार नेते एकत्र बसले: हिटलर, इटलीचे मुसोलिनी, ब्रिटनचे चेंबरलेन आणि फ्रान्सचे दलादिए. सुडेटनलँड हिटलरला देऊन टाकण्याचे ठरले. ज्याची भूमी दिली जात होती, त्या चेकोस्लोव्हाकियाला बैठकीत स्थान नव्हते. निर्णय झाल्यावर तो त्याला कळवण्यात आला. चेंबरलेन मायदेशी परतले तेव्हा शांतता आणल्याबद्दल त्यांचा जयजयकार झाला.

ती शांतता सहा महिनेही टिकली नाही. मार्च १९३९ मध्ये हिटलरच्या फौजा प्राग शहरात शिरल्या. १ सप्टेंबर १९३९ रोजी पोलंडवर हल्ला झाला आणि दुसरे महायुद्ध सुरू झाले. तेव्हापासून ‘अपीज’ या शब्दाचे रूपच पालटले. आक्रमकाला शांत करण्यासाठी त्याच्यापुढे नमणे, असा त्याचा राजकीय अर्थ रूढ झाला. भूक आणि राग शमवण्याचे जुने अर्थ शब्दकोशात राहिले, पण शब्दाला लागलेला डाग गेला नाही.

इतिहासाचा विद्यार्थी येथे थांबून एक गोष्ट नीट पाहतो. म्युनिकमध्ये चूक कोणती झाली? वाटाघाटी केल्या, ही चूक नव्हती. सवलत दिली, हीही एवढी मोठी चूक नव्हती. खरी चूक ही की शांतता ब्रिटन-फ्रान्सने विकत घेतली आणि तिची किंमत चेकोस्लोव्हाकियाच्या खिशातून दिली. त्याला न विचारता, त्याच्या गैरहजेरीत.

बाबासाहेबांनी दाखवलेला भेद

दुसरे महायुद्ध चालू असताना बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पाकिस्तानच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. १९४० साली प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ पुढे विस्तारित रूपात ‘पाकिस्तान ऑर द पार्टिशन ऑफ इंडिया’ या नावाने ओळखला जाऊ लागला. त्या काळच्या जातीय राजकारणाची आणि काँग्रेसच्या मुस्लिमविषयक धोरणाची चर्चा करताना त्यांनी ‘अपीजमेंट’ आणि ‘सेटलमेंट’ या दोन शब्दांत स्पष्ट भेद केला. हिटलरबाबत दोस्त राष्ट्रांनी जे धोरण ठेवले, त्याचा दाखलाही त्यांनी तेथे दिला.

त्यांच्या विवेचनाचा आशय थोडक्यात असा. ‘अपीजमेंट’ म्हणजे आक्रमकाने निरपराध माणसांवर केलेल्या अत्याचारांकडे कानाडोळा करून त्याला विकत घेण्याचा प्रयत्न करणे. ‘सेटलमेंट’ म्हणजे अशी सीमा आखणे, की जी दोहोंपैकी कोणत्याही पक्षाला ओलांडता येणार नाही. पहिल्यात मागण्यांना अंत नसतो, दुसऱ्यात असतो.

बाबासाहेब अर्थशास्त्राचे आणि कायद्याचे पंडित होते. त्यांची शब्दयोजना काटेकोर असे. या व्याख्येत तीन पात्रे आहेत, हे आपण ध्यानात घ्यावे. एक आक्रमक, दुसरा त्याला शांत करू पाहणारा आणि तिसरा तो निरपराध माणूस, ज्याच्या वेदनेवर हा सौदा होतो. सामान्यतः आपण पहिल्या दोघांकडेच पाहतो. बाबासाहेबांनी तिसऱ्याकडे बोट दाखवले. त्यांचे विवेचन त्या काळच्या विशिष्ट वादासंबंधी होते. परंतु त्यातून निघणारी कसोटी गावाच्या चावडीपासून राष्ट्रांच्या परिषदेपर्यंत कोठेही लावता येते.

शेपूट कोण हलवतो?

आता आपल्या ‘लांगूलचालन’ या शब्दाकडे वळू. भाषणांतून आणि अग्रलेखांतून तो इतका वापरला गेला आहे की त्याचे चित्र कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. ‘लांगूल’ म्हणजे शेपूट. ‘लांगूलचालन’ म्हणजे शेपूट हलवणे. भर्तृहरीच्या नीतिशतकात हा शब्द घास देणाऱ्यापुढे लोळण घेणाऱ्या कुत्र्याच्या वर्णनात येतो. तेव्हा शेपूट हलवणारा कोण? ज्याच्याजवळ काही नाही तो. कोणापुढे हलवतो? ज्याच्या हातात भाकरी किंवा काठी आहे त्याच्यापुढे. शब्दाची दिशा स्पष्ट आहे. लांगूलचालन बलवानाचे होते, दुबळ्याचे होत नाही.

तरीही आज हा शब्द उलट्या दिशेने फेकला जातो. अनुसूचित जाती-जमातींच्या शिष्यवृत्त्या, राखीव जागा, अल्पसंख्याकांच्या शाळांचे अधिकार, वसतिगृहांची अनुदाने या सर्वांना ‘लांगूलचालन’ किंवा ‘तुष्टीकरण’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. बाबासाहेबांच्या कसोटीवर हे घासून पाहू. राखीव जागा मागणाऱ्याने कोणावर आक्रमण केले? कोणत्या निरपराधाच्या वेदनेकडे कानाडोळा झाला? उलट, संविधानाने येथे सीमा आखली आहे. हक्क कोणाला, किती, कोणत्या कलमाखाली, हे लिहिलेले आहे आणि त्यावर न्यायालयात दाद मागता येते. दोन्ही बाजूंना बांधणारी लिखित सीमा म्हणजेच ‘सेटलमेंट’. आपल्या मुलांनी हा युक्तिवाद तोंडपाठ न करता समजून घ्यावा. शिष्यवृत्ती घेताना मान खाली घालण्याचे कारण नाही, हे मग त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.

पुणे कराराचा विचारही याच ठिकाणी करणे योग्य होईल. ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड यांच्या जातीय निवाड्याने अस्पृश्य वर्गाला स्वतंत्र मतदारसंघ दिले. त्याविरुद्ध गांधीजींनी येरवडा तुरुंगात २० सप्टेंबरला आमरण उपोषण आरंभले आणि २४ सप्टेंबर १९३२ रोजी करार झाला. प्रांतिक विधिमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या, स्वतंत्र मतदारसंघ गेले. हा ‘पॅक्ट’ होता. त्यात सीमा होती, आकडे होते, दोन्ही पक्षांच्या सह्या होत्या. परंतु वाटाघाटींच्या काळात एका बाजूवर एका महापुरुषाच्या प्राणाचे आणि त्यानंतर खेड्यापाड्यांतील आपल्या बांधवांवर काय ओढवेल याचे दडपण होते. पुढे १९४५ साली काँग्रेस आणि गांधीजी यांच्यावरील आपल्या ग्रंथात बाबासाहेबांनी त्याची परखड चिकित्सा केली. यातून एवढे शिकावे की, करारावर सह्या झाल्या म्हणजे तो समानांचा करार झाला असे नव्हे. सही करणाऱ्याला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक होती का, हेही पाहावे लागते.

भिक्खुसंघाने तंटे कसे मिटवले?

येथवर आपण नकार पाहिला. मग दुसऱ्याला खऱ्या अर्थाने शांत कसे करावे? या प्रश्नाचे सर्वांत व्यवस्थित उत्तर अडीच हजार वर्षांच्या परंपरेत, विनयपिटकात आहे. भिक्खूंच्या पातिमोक्खात २२७ नियम आहेत. त्यांतील शेवटचे सात नियम केवळ तंटे शमवण्यासंबंधी आहेत. त्यांना ‘अधिकरणसमथ’ म्हणतात. ‘अधिकरण’ म्हणजे वाद, आणि ‘समथ’ म्हणजे शमवणे. आपला तोच ‘शम्’ धातू.

या सातांपैकी पहिला नियम ‘सम्मुखाविनय’. वादाचा निकाल समोरासमोर लागला पाहिजे. संघ उपस्थित हवा, धम्म आणि विनय यांना अनुसरून निर्णय हवा आणि ज्यांचा वाद आहे ती माणसे तेथे हजर हवीत. म्युनिकमध्ये नेमके हेच नव्हते. कोणाच्याही पाठीमागे त्याच्या भवितव्याचा निर्णय नाही, हे तत्त्व संघाने पहिल्या क्रमांकावर ठेवले.

दुसरा महत्त्वाचा नियम ‘येभुय्यसिका’. एकमत होत नसेल तर शलाका वाटून बहुमताने निर्णय घ्यावा. शलाका म्हणजे मतदानासाठी वापरलेल्या काड्या. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी भिक्खुसंघातील संसदीय कार्यपद्धतीचा आणि अशा मतदानाचा आवर्जून उल्लेख केला होता.

‘पटिञ्ञातकरण’ या नियमानुसार, ज्याने चूक केली त्याने ती स्वतः कबूल करावी आणि त्या कबुलीप्रमाणे कारवाई व्हावी. दडपणाने वदवून घेतलेले नव्हे, स्वतः मान्य केलेले.

सातवा आणि शेवटचा नियम ‘तिणवत्थारक’. याचा शब्दशः अर्थ ‘गवताने झाकणे’. दोन गटांत भांडण इतके वाढले की कोण काय बोलले याचा हिशेब काढत बसल्यास कटुताच वाढेल, तर दोन्ही गटांनी एकत्र यावे, परस्परांची चूक मान्य करावी आणि त्यावर गवत पसरावे. घाण उकरली तर दुर्गंधी सुटते. झाकली तर ती मातीत मिसळून जाते. किती व्यवहारी दृष्टी आहे ही! परंतु या नियमाला एक अपवाद जोडलेला आहे आणि माझ्या मते तो नियमाहून मोलाचा आहे. गंभीर अपराधांवर असे गवत पसरता येत नाही. गृहस्थांशी संबंधित अपराधांवरही नाही. म्हणजे संघाच्या आतली किरकोळ बाचाबाची विसरता येईल. परंतु मोठा गुन्हा, किंवा संघाबाहेरच्या माणसाचा झालेला अपमान, संघाने आपसांत मिटवून टाकावा हे विनयाला मान्य नाही.

आजच्या कायद्यातही हाच विवेक आहे. काही गुन्हे आपसांत मिटवण्याजोगे असतात. काही तसे नसतात. १९८९ चा अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा अशाच गंभीर अपराधांसाठी झाला. धान कमी-जास्त मोजले गेले तर समजुतीने घ्यावे. माणसाची माणुसकीच नाकारली गेली तर गवत टाकू नये.

रोहिणीचे पाणी आणि चवदार तळे

‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्यात दाखवले आहे. शाक्यांच्या सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाने विरोध केला. शाक्यांनी दोन आणि कोलियांनी दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाचांनी तंटा मिटवावा, असा त्याचा प्रस्ताव होता. बहुमत युद्धाकडे गेले. कुटुंबावर बहिष्कार आणि जमीनजप्ती ओढवू नये म्हणून सिद्धार्थाने परिव्राजक होणे पत्करले.

भंडारा हा तलावांचा जिल्हा. माजी मालगुजारी तलावांना आपण ‘मामा तलाव’ म्हणतो. धानाच्या बांधीला पाणी आधी कोणाचे, नंतर कोणाचे, यावरून भाऊभाऊ कसे समोरासमोर येतात हे येथील शेतकऱ्याला सांगायला नको. त्यामुळे ही कथा आपल्याला दूरची वाटू नये. सिद्धार्थाने शाक्यांना ‘पाणी सोडून द्या’ असे सांगितले नाही, कोलियांनाही सांगितले नाही. त्याने पद्धत सुचवली. दोन्ही बाजूंना समान प्रतिनिधित्व, मध्ये तटस्थ पाचवा आणि सर्वांना बंधनकारक निर्णय. शांततेची किंमतही त्याने दुसऱ्या कोणावर टाकली नाही. ती स्वतःच्या गृहत्यागाने मोजली.

याच ग्रंथकाराच्या जीवनातही पाण्याचा प्रश्न आला. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यावर, परतणाऱ्या आणि जेवणासाठी थांबलेल्या आपल्या बांधवांवर लाठ्यांनी हल्ला झाला. परिषदेला आलेल्यांत सैन्यातून निवृत्त झालेले धडधाकट जवान होते. बाबासाहेबांच्या एका शब्दाची ते वाट पाहत होते. तो शब्द बाबासाहेबांनी उच्चारला नाही. त्यांनी आपल्या माणसांना शांत केले.

ही शांतता कोणत्या जातीची होती? तिने हल्लेखोरांना मोकळे सोडले नाही. त्यांच्यावर खटला झाला आणि शिक्षाही झाल्या. तिने पाण्यावरचा हक्क सोडला नाही. डिसेंबर १९२७ मध्ये न्यायालयाचा मनाई हुकूम आला तेव्हा पाण्याचा सत्याग्रह स्थगित ठेवून बाबासाहेबांनी न्यायालयात लढा दिला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. दहा वर्षे लागली. क्रोध शमला होता, हक्क शमला नव्हता. मला वाटते, आपल्या परंपरेत ‘शांत करणे’ या क्रियापदाचा सर्वांत नेमका अर्थ महाडमध्ये सापडतो.

आपल्या जिल्ह्याची जखम

१९५४ साली बाबासाहेब लोकसभेची पोटनिवडणूक ज्या मतदारसंघातून लढले, तो आपला भंडारा. तेथे त्यांचा पराभव झाला. ती खंत जुन्या पिढीच्या बोलण्यात मी अनेकदा ऐकली आहे. याच जिल्ह्यात, तुमसरला लागून असलेल्या मोहाडी तालुक्यातील खैरलांजी गावात २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चार जणांची, आई, मुलगी आणि दोन मुलांची, निर्घृण हत्या झाली. त्यामागे शेतजमिनीचा वाद होता आणि शिकून ताठ मानेने जगणाऱ्या कुटुंबाविषयीचा रोष होता. पुढच्या काही आठवड्यांत महाराष्ट्रभर आंदोलने उसळली. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले. सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून २५ वर्षांच्या कारावासाची शिक्षा दिली. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील गुन्हा मात्र सिद्ध मानला गेला नाही. कुटुंबातील एकमेव हयात व्यक्ती, भैयालाल भोतमांगे, न्यायाची वाट पाहतच जानेवारी २०१७ मध्ये हे जग सोडून गेले.

अशा प्रसंगानंतर भरपाई दिली जाते. ती दिलीच पाहिजे. तो पीडिताचा हक्क आहे. परंतु ‘पे’ या शब्दाचे मूळ आठवावे. पैसे देणे म्हणजे शांत करणे, हा जुना अर्थ अशा वेळी हळूच डोके वर काढतो. रक्कम दिली, आता विषय संपवा, असा सूर उमटू लागतो. भरपाई न्यायाबरोबर आली तर ती आधार असते. न्यायाच्या जागी आली तर ती गप्प बसण्याची किंमत ठरते.

१५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावातील धुऱ्याचे, वाटणीचे, घरगुती तंटे गावातच मिटावेत हा तिचा उद्देश चांगला आहे. कोर्टाच्या फेऱ्यांनी अनेक शेतकरी कुटुंबे खचली आहेत. परंतु गावाची शांतता मोजताना एक प्रश्न प्रत्येक समितीने स्वतःला विचारावा. तंटा मिटला, की तक्रार करणारा गप्प झाला? दोहोंमध्ये तेवढेच अंतर आहे, जेवढे ‘सेटलमेंट’ आणि ‘अपीजमेंट’ यांच्यात आहे.

घरी आणि वसतिगृहात

हा विचार मोठ्या घटनांपुरता ठेवला तर त्याचा उपयोग अर्धाच होईल. शांत करण्याचे काम आपण रोज करतो. आई रडणाऱ्या मुलाला शांत करते, आजोबा दोन मुलांतला वाटणीचा वाद मिटवतात, गृहपाल स्नानगृहातील बादलीवरून जुंपलेल्या मुलांना सोडवतात. निवासी विद्यालयात तर शंभर घरांची मुले एका छताखाली राहतात, भांडणे होणारच.

आपल्याकडे भांडण मिटवण्याची जुनी रीत अशी, की जो ऐकणारा असतो त्यालाच सांगायचे. ‘बाळा, तू समजदार आहेस, तू सोडून दे.’ दांडगा मुलगा ऐकणार नाही हे ठाऊक असते, म्हणून समजदाराच्या वाट्याचा घास काढून दांडग्याला दिला जातो. खोलीत शांतता पसरते. पण त्या दिवशी दोन मुले दोन धडे शिकतात. एकाला कळते की आरडाओरडा केला की मिळते. दुसऱ्याला कळते की शहाणपण हा तोट्याचा व्यवहार आहे. घराघरांत मुलीला ‘तू मुलगी आहेस, तूच समजून घे’ असे सांगितले जाते, तेही याच जातीचे लहानसे म्युनिक असते.

म्हणून शिक्षकांनी, पालकांनी आणि समाजकार्य करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी कोणताही वाद मिटवण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत, अशी माझी विनंती आहे. ज्याच्याविषयी निर्णय होत आहे तो या बैठकीत आहे काय? या शांततेची किंमत कोणाच्या खिशातून जात आहे? आणि जी सीमा आपण आखत आहोत, ती दोघांनाही सारखीच बांधते काय? तिन्ही प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील तर निःशंक मनाने भांडण मिटवावे, त्यावर गवत पसरावे आणि पुन्हा उकरू नये. एकही उत्तर अडखळले तर घाई करू नये. थोडा वेळ गोंगाट चालेल. अन्यायावर बसवलेली शांतता चालणार नाही.

युरोपीय भाषांनी शांततेला कराराचे बंधन दिले. आपल्या पालीने तिला मनाचे निवणे दिले. बंधन नसेल तर निवलेले मन पुन्हा पेटते. आणि मन निवले नाही तर करार कागदावरच राहतो. या दोन्ही अर्थांनी दुसऱ्याला शांत करू शकणारी मुले या विद्यालयातून घडत राहोत, हीच मंगलकामना.

नमो बुद्धाय! जय भीम!